विश्लेषण : हिमवृष्टी थांबली तरी घाट बंदच का? पहाडी महामार्ग कधी, कोण आणि का बंद करतात?

डिसेंबर ते मार्च या काळात मनाली, सोनमर्ग, गुलमर्ग, गंगटोक येथे बर्फ पाहायला जाणाऱ्या पर्यटकांमध्ये महाराष्ट्रातील पर्यटकांची संख्या मोठी असते. विमानाची तिकिटे, हॉटेल, गाडी असे सगळे आरक्षण महिनाभर आधीच झालेले असते. आणि नेमक्या त्याच दिवशी ‘रस्ता बंद’ अशी सूचना येते. कधी ती गाड्या अर्ध्या वाटेत पोहोचल्यावर येते, तर कधी आकाश निरभ्र झाल्यावरही मागे घेतली जात नाही. त्यामुळे प्रशासन एकतर फार उशिरा जागे होते किंवा विनाकारण अडवून ठेवते, अशी भावना प्रवाशांमध्ये असते. पहाडी महामार्ग बंद करण्यामागचे शास्त्र काय, निर्णय कोणाचा, उशीर झाल्यास काय घडते आणि बंदीची किंमत कोण मोजते, याचा हा आढावा.

बर्फाळ घाटात गाडी का थांबत नाही?

गाडी थांबते ती ब्रेकमुळे, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीमुळे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही पकड चांगली असते. दाबल्या गेलेल्या बर्फावर ती साधारण एक-तृतीयांश किंवा त्याहून कमी होते आणि गोठलेल्या पाण्याच्या गुळगुळीत थरावर जवळपास एक-सप्तमांशावर येते.

आकड्यांत सांगायचे तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यानंतर कोरड्या सपाट रस्त्यावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला साधारण ३० मीटर लागतात आणि गोठलेल्या थरावर ६० मीटरहून अधिक. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात कापलेले ११ मीटर वेगळेच. आता घाटाचा उतार धरू. शंभर मीटरला पाच मीटर, असा फार तीव्र न वाटणारा उतार असला तरी गोठलेल्या थरावरचे हेच अंतर दुप्पट होऊन १२५ मीटरच्या आसपास जाते. घाटातील दोन वळणांमध्ये अनेकदा तेवढे अंतरही नसते. वेग निम्मा केला, तर थांबण्याचे अंतर एक-चतुर्थांश होते. म्हणून बर्फात ताशी २० किलोमीटरची मर्यादा घातली जाते. पण उतार अधिक तीव्र असेल आणि थर गुळगुळीत असेल, तर एका मर्यादेनंतर कोणत्याही वेगात ब्रेकचा उपयोग होत नाही. गाडी उभ्या जागेवरूनही घसरू लागते.

सर्वात फसवा असतो तो न दिसणारा बर्फ. दुपारच्या उन्हात वितळलेले पाणी रस्त्यावर पसरते आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर त्याचा पारदर्शक थर गोठतो. खालचे डांबर दिसत राहते, त्यामुळे रस्ता केवळ ओला आहे असे वाटते. पूल, बोगद्यांची तोंडे आणि सावलीतली वळणे येथे हा थर आधी तयार होतो. दिवसभर सुरू असलेला रस्ता संध्याकाळी बंद केला जातो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

‘फोर बाय फोर’ किंवा साखळ्या असतील तर?

हिमवृष्टीनंतर मनाली परिसरात अनेकदा फक्त चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या किंवा चाकांना साखळ्या बांधलेल्या वाहनांनाच पुढे सोडले जाते. त्यामुळे अशी गाडी बर्फात सुरक्षित, असा समज पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. ‘फोर बाय फोर’ गाडी चढावर अडकत नाही, चिखल-बर्फातून बाहेर पडते. मात्र उतारावर थांबताना तिला वेगळा फायदा मिळत नाही, कारण ब्रेक सर्वच गाड्यांच्या चारही चाकांना लागतात. उलट ती वजनाने जड असते आणि सहज वर चढल्यामुळे चालकाला पकड किती कमी आहे, हे खाली उतरेपर्यंत कळत नाही.

दुसरा मुद्दा टायरचा. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचे टायर उष्ण हवामानाला साजेसे असतात. तापमान सात अंशांच्या खाली जाऊ लागले की त्यांचे रबर कडक होते आणि पकड आणखी घटते. थंड देशांत हिवाळ्यासाठी वेगळ्या, मऊ रबराचे आणि खोल खाचांचे टायर लावतात. मुंबई-पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन निघालेल्या किंवा चंडीगड-दिल्लीहून टॅक्सी केलेल्या पर्यटकाकडे असे टायर जवळपास कधीच नसतात.

साखळ्यांचा उपयोग होतो. पण त्या योग्य चाकांना, घट्ट आणि वेळेत बांधल्या तरच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागच्या चाकांना साखळ्या बांधून फारसा उपयोग नाही. शिवाय साखळ्या लावून वेगाने जाता येत नाही आणि कोरड्या रस्त्यावर त्या तुटतात. साखळी बांधायला रस्त्यातच थांबलेली एक गाडी मागच्या शंभर गाड्यांना चढावर उभे करते. थांबलेली गाडी चढावर पुन्हा हलत नाही. कोंडीची सुरुवात बहुतेक वेळा अशी होते.

ऊन पडल्यावरही रस्ता बंद का ठेवतात?

प्रवाशांचा सर्वाधिक संताप याच प्रश्नावर होतो. रस्त्यावरचा बर्फ हटवला, आकाश निळे आहे, मग गाड्या का सोडत नाहीत? याचे उत्तर रस्त्यावर नसून रस्त्याच्या वर असलेल्या उतारावर असते.

हिमस्खलन प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून होते. त्याहून कमी उतारावर बर्फ सहसा टिकून राहतो आणि फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही. एका दिवसात ३० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक नवा बर्फ पडला, की खालच्या जुन्या थरांवर अचानक भार येतो. दोन थरांमधला बंध कमकुवत असेल, तर वरची अख्खी लादी सुटते. वारा असेल तर बर्फ एका बाजूने उडून दुसऱ्या बाजूच्या उतारावर साचतो. त्यामुळे मोजमाप केलेल्या ठिकाणी बर्फ कमी असला तरी शेजारच्या नाळेत तो दुप्पट असू शकतो. हिमवृष्टी थांबल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस आणि त्यात पडणारे कडक ऊन, हा काळ म्हणूनच सर्वात धोकादायक मानला जातो. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच निर्णायक असतात. पहाडी रस्त्यावर एवढ्या वेळात बचाव पथक पोहोचणे जवळपास अशक्य असते.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममधील गंगटोक-नाथू ला मार्गावर हेच घडले. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच परवाने देण्यात आले होते. काही जण पंधराव्या मैलापर्यंत गेले. भर दुपारी तेथे हिमस्खलन झाले आणि सात पर्यटकांचा मृत्यू झाला. दोन मैलांचा फरक होता, पण परवान्यावरची हद्द तेथील उतार पाहूनच ठरलेली असते. मार्ग अर्धाच खुला ठेवला, तर पुढच्या अर्ध्या भागाला फाटक आणि पहारा लागतो, हा या घटनेचा धडा आहे.

बोगद्यांमुळे प्रश्न सुटला नाही का?

काही प्रमाणात नक्कीच सुटला. रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे आणि ती वर्षातील जवळपास सहा महिने बर्फाखाली असे. त्या काळात लाहौल खोऱ्याचा मनालीशी रस्त्याने संपर्क तुटायचा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुमारे ३,१०० मीटर उंचीवरून जातो. त्यामुळे खिंड टळते आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने कमी होते. जम्मू-श्रीनगर महामार्गावर १९५६ च्या जवाहर बोगद्याच्या जागी आता ८.४५ किलोमीटरचा बनिहाल-काझीगुंड बोगदा वापरात आहे. तो सुमारे ४०० मीटर खालून जातो. जुन्या बोगद्याच्या उत्तर तोंडाशी असलेल्या पोलीस चौकीवर फेब्रुवारी २०१९ मध्ये हिमस्खलन कोसळून काही पोलीस मृत्युमुखी पडले होते. रस्ता खालून नेण्याचे महत्त्व त्यावरून कळते. गगनगीर ते सोनमर्ग हा हिमस्खलनप्रवण टप्पा टाळणारा साडेसहा किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाला. झोजी ला खिंडीखालून १३ किलोमीटरहून लांब बोगदा खोदला जात आहे. मनाली ते झंस्कर जोडणाऱ्या शिंकू ला बोगद्याचा पहिला सुरुंग २६ जुलै २०२४ रोजी उडवण्यात आला.

पण बोगद्याच्या आत बर्फ पडत नाही, तोंडापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर पडतो. अटल बोगद्यापूर्वी हिवाळ्यात पर्यटक सोलंगच्या पुढे फारसे जात नसत, कारण पुढे जायला रस्ताच नव्हता. आता ऐन जानेवारीत साधी हॅचबॅक गाडी घेऊन कुणीही सिस्सूपर्यंत जाऊ शकतो. सोलंग ते दक्षिण तोंड आणि उत्तर तोंडापासून पुढचा रस्ता, असे दोन्ही टप्पे अतिहिमवृष्टीचे आहेत. त्यांवर आता नाताळ आणि नववर्षाच्या सुट्टीत गाड्यांच्या रांगा लागतात. बोगद्याची रचना दिवसाला तीन हजार मोटारी आणि दीड हजार ट्रक गृहीत धरून झाली. सुट्टीच्या दिवसांत वाहने याहून कितीतरी अधिक असतात.

त्याचा परिणाम डिसेंबर २०२४ मध्ये दिसला. २३ डिसेंबरला सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात सुमारे हजार वाहने अडकली. चारच दिवसांनी, २७ डिसेंबरला सोलंग नाला येथे पुन्हा तेवढीच वाहने आणि सुमारे पाच हजार पर्यटक अडकले. कुलू पोलिसांनी रात्रभर राबून त्यांना बाहेर काढले. अडकलेले पर्यटक सुखरूप परतले, म्हणून बातमी ‘सुटके’ची झाली. एकाच आठवड्यात त्याच टप्प्यात दुसऱ्यांदा इतक्या गाड्या गेल्याच कशा, हा प्रश्न मागे पडला.

रस्ता उशिरा बंद केल्यास काय घडते?

याचे सर्वात विदारक उदाहरण शेजारच्या पाकिस्तानातील आहे. इस्लामाबादजवळचे मरी हे थंड हवेचे ठिकाण सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात तेथे जोरदार बर्फवृष्टी होईल, असा इशारा हवामान खात्याने आधीच दिला होता. समाजमाध्यमांवरील बर्फाची छायाचित्रे पाहून इशाऱ्यानंतरही गाड्या येतच राहिल्या. ७ जानेवारीच्या रात्री वादळ आले, चार फुटांहून अधिक बर्फ साचला, झाडे उन्मळून रस्त्यावर पडली आणि हजारभर वाहने जागच्या जागी थांबली. सकाळपर्यंत २२ जणांचा गाडीत बसल्या जागी मृत्यू झाला होता. त्यांत दहा मुले होती.

यातील अनेकांचा जीव केवळ थंडीने गेला नाही. ऊब मिळावी म्हणून इंजिन आणि हीटर सुरू ठेवला, काचा बंद केल्या. बाहेर बर्फ साचून सायलेन्सरचे तोंड बुजले आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरू लागला. या वायूला रंग नसतो, वास नसतो. झोप लागावी तसा माणूस बेशुद्ध होतो.

मरीकडे जाणारे रस्ते मृत्यूंनंतर बंद करण्यात आले. लष्कर बोलावले गेले, परिसर आपत्तीग्रस्त जाहीर झाला. चौकशीनंतर पंजाब प्रांताच्या सरकारने १५ अधिकाऱ्यांना निलंबित केले. बर्फ हटवणारी यंत्रे होती, पण गाड्यांनी रस्ता भरल्यावर ती पुढे जाऊच शकली नाहीत. उशिरा बंदीची अडचण नेमकी हीच आहे. अडकलेली वाहने बर्फ हटवण्याचाच मार्ग अडवतात, रुग्णवाहिका आणि क्रेनही अडवतात. रिकामा रस्ता काही तासांत मोकळा करता येतो. गाड्यांनी भरलेला रस्ता मोकळा करायला दोन-दोन दिवस लागतात.

इतर देशांनी काय बदलले?

जपानमध्ये बर्फ हटवण्याची यंत्रणा जगातील उत्तम यंत्रणांपैकी एक मानली जाते. तरीही डिसेंबर २०२० मध्ये टोकियो-निगाता मार्गावरील कान-एत्सु द्रुतगती महामार्गावर सुमारे २,१०० वाहने दोन दिवसांहून अधिक काळ अडकली. महिनाभरात फुकुई भागात तसाच प्रकार घडला. तोवर जपानचे धोरण ‘रस्ता शक्यतो सुरू ठेवा’ असे होते. मार्च २०२१ मध्ये ते बदलण्यात आले. मोठी कोंडी होऊ न देणे आणि जीव वाचवणे याला अग्रक्रम मिळाला. आता मोठ्या हिमवृष्टीचा अंदाज असेल, तर बंदीची शक्यता आधीच जाहीर केली जाते. द्रुतगती महामार्ग आणि त्याला समांतर असलेला जुना महामार्ग गरज पडल्यास एकाच वेळी बंद होतात. एकच बंद केला, तर सगळा भार दुसऱ्यावर जाऊन तोही तुंबतो, हे तेथे अनुभवातून कळले होते. रस्ता आधीच रिकामा ठेवून, बर्फ एकदम हटवून, लवकर उघडायचा, असा हा हिशेब आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाची पद्धत टप्प्यांची आहे. सिएरा नेवाडा पर्वतातून जाणाऱ्या इंटरस्टेट ८० महामार्गावर बर्फ सुरू झाला, की साखळी-नियंत्रणाचे तीन स्तर लागू होतात. पहिल्या स्तरात बर्फाचे टायर असलेल्या मोटारींना साखळ्यांतून सूट असते. दुसऱ्या स्तरात ती सूट केवळ चारही चाकांवर चालणाऱ्या आणि चारही बर्फाचे टायर असलेल्या गाड्यांना मिळते. तिसऱ्यात कुणालाच सूट नसते. मात्र तिसरा स्तर क्वचितच लागू होतो, कारण तशी वेळ येण्याआधी महामार्गच बहुधा बंद केला जातो. साखळ्या बांधण्यासाठी रस्त्याकडेला वेगळी जागा असते आणि तपासणी नाका घाट सुरू होण्याआधी असतो. मार्च २०२४ च्या आरंभी आलेल्या मोठ्या हिमवादळात हा महामार्ग डोनर खिंडीच्या परिसरात मोठ्या अंतरापर्यंत बंद ठेवण्यात आला होता. तो देशाच्या पूर्व-पश्चिम मालवाहतुकीचा मुख्य मार्ग असूनही.

भारतात निर्णय कोणाचा?

कागदावर अधिकार स्पष्ट आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ नुसार जिल्हा प्राधिकरण आपत्तीप्रवण किंवा आपत्तीग्रस्त भागातील वाहतूक नियंत्रित करू शकते, थांबवू शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी वाहनांवर निर्बंध घालू शकतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात दरडींच्या भीतीने वरंध घाटासारखे रस्ते बंद करण्याचे आदेश जिल्हाधिकारी काढतात. हिमालयातील आदेशही त्याच प्रकारचे असतात.

प्रत्यक्षात मात्र माहिती आणि काम अनेक हातांत विभागलेले असते. हवामानाचा हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा इशारा भारतीय हवामान विभाग देतो. हिमस्खलनाचा इशारा संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची चंडीगड येथील संस्था देते. बर्फ हटवण्याचे काम सीमाभागातील बहुतेक मार्गांवर सीमा रस्ते संघटना, म्हणजे बीआरओ करते. फाटकावर उभे असतात ते स्थानिक पोलीस. नारिंगी इशारा आला तर गाड्या आपोआप थांबतील, असा सर्व मार्गांना लागू असलेला एकच ठरलेला नियम नाही. किती बर्फाला, किती वाजता, कोणत्या नाक्यावर थांबवायचे, हे त्या-त्या जिल्ह्यात, त्या-त्या दिवशी ठरते. सुट्टीचा हंगाम असेल तर हॉटेल, टॅक्सी, घोडेवाले आणि स्वतः पर्यटक यांचा दबाव त्याच दिवशी सर्वाधिक असतो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी हवामान प्रणाली, हिमालयात पोहोचण्याचा अंदाज दोन-तीन दिवस आधी मिळतो. निर्णय मात्र बर्फ पडू लागल्यावर होतो.

बंदीची किंमत कोण मोजते?

पर्यटकाची सहल हुकते, पण त्याला घरी परतता येते. खोऱ्यात राहणाऱ्यांचे तसे नसते. रस्ता बंद म्हणजे बाळंतीण रुग्णालयात पोहोचणार नाही, औषधे, गॅस सिलिंडर आणि भाजी येणार नाही, परीक्षेला जाता येणार नाही. झोजी ला बंद झाली की कारगिलच्या रहिवाशांसाठी हवाई दलाच्या एएन-३२ विमानांची ‘कारगिल कुरिअर’ सेवा चालवावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये पावसाने आणि दरडींनी जम्मू-श्रीनगर महामार्ग खिळखिळा झाला, तेव्हा सफरचंदांनी भरलेले ट्रक दिवसेंदिवस उभे राहिले आणि बडगामहून दिल्लीसाठी रेल्वेने पार्सल गाडी सुरू करावी लागली. कारण पावसाचे असो वा बर्फाचे, एकच रस्ता असलेल्या प्रदेशात बंदीचा फटका असाच बसतो. म्हणून ‘जीव महत्त्वाचा, रस्ता बंद ठेवा’ हे मैदानी शहरात बसून म्हणणे सोपे असते.

रस्ता लवकर उघडण्याचा आग्रह धरतानाही कुणीतरी किंमत मोजत असते. झोजी ला खिंड एके काळी पाच-सहा महिने बंद असायची. २०२५ मध्ये ती अवघ्या ३२ दिवसांत, १ एप्रिलला पुन्हा खुली झाली. त्यासाठी दोन्ही बाजूंनी यंत्रे आणि माणसे हिमस्खलनाच्या नाळांखाली काम करत होती. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला उत्तराखंडमधील माणा गावाजवळ बीआरओच्या कामावरील मजुरांच्या तळावर हिमस्खलन झाले. ५४ जण त्यात सापडले. ४६ जणांना वाचवण्यात आले, आठ जणांचा मृत्यू झाला.

मग मार्ग काय?

पर्यटक आणि रहिवासी यांना एकाच फाटकात, एकाच नियमाने अडवणे किंवा सोडणे हा सध्याच्या पद्धतीतला मोठा दोष आहे. हिवाळ्यातील हजारो गाड्यांपैकी बहुतांश पर्यटकांच्या असतात. इशारा मिळताच त्या आधी थांबवल्या, तर रस्ता रिकामा राहतो आणि रुग्णवाहिका, दूध-भाजीचे ट्रक, स्थानिकांच्या गाड्या पोलिसांच्या देखरेखीत, ठरलेल्या वेळेत, जथ्थ्याने सोडता येतात. म्हणजे पर्यटकांसाठी लवकर केलेली बंदी हीच स्थानिकांसाठी रस्ता सुरू ठेवण्याची वाट ठरू शकते.

यासाठी लागणाऱ्या व्यवस्थेचा नमुना मनालीतच आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर रोहतांग खिंडीत जाणाऱ्या पर्यटक वाहनांवर दिवसाला १,२०० ची मर्यादा आली आणि त्यासाठी ऑनलाइन परवाने दिले जाऊ लागले. त्यामागचा हेतू प्रदूषण रोखण्याचा होता. अटल बोगद्यातून जाण्यासाठी मात्र असा परवाना लागत नाही. हिवाळ्यात सोलंगच्या पुढे जाणाऱ्या पर्यटक वाहनांची संख्या अशीच बांधून दिली, परवाना हवामानाच्या इशाऱ्याशी जोडला आणि लाल इशारा येताच तो आपोआप रद्द होऊन मोबाइलवर संदेश गेला, तर नाक्यावरच्या हवालदाराला पर्यटकांशी हुज्जत घालावी लागणार नाही. परवाना रद्द झाल्यास हॉटेल आणि टॅक्सीचे पैसे परत किंवा तारीख बदलून मिळण्याची सोय हवी. पैसे बुडणार असतील, तर माणूस धोका पत्करून पुढे जातोच.

प्रवाशांनी काय काळजी घ्यावी?

निघण्याआधी हवामान विभागाचा इशारा आणि त्या जिल्ह्याच्या पोलिसांची त्या दिवसाची सूचना पाहावी. आदल्या दिवशीच्या चित्रफितीवर विसंबू नये. परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवावा. बर्फाळ रस्त्यावर स्वतः गाडी चालवण्याचा सराव नसेल, तर स्थानिक चालक घ्यावा आणि तो ‘पुढे नको’ म्हणाला, तर त्याला जादा पैशांचे आमिष दाखवू नये. दुपारी तीन-चारनंतर उंचावरून परतीला लागणे टाळावे. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहून ब्रेक हलके, थांबून थांबून वापरावेत आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कित्येक पट अंतर ठेवावे. गाडीत ब्लँकेट, पाणी, कोरडा खाऊ, औषधे, टॉर्च, लहान फावडे आणि मोबाइलसाठी पॉवर बँक असावी. इंधनाची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये.

अडकल्यास गाडी सोडून बर्फात पायी निघू नये. मात्र पोलिसांनी हिमस्खलनाच्या टप्प्यातून बाहेर पडण्यास सांगितले, तर लगेच ऐकावे. मदतीसाठी ११२ क्रमांकावर संपर्क साधावा. ऊब मिळवण्यासाठी इंजिन सतत चालू ठेवू नये. तासाला दहा मिनिटे पुरतात. त्याआधी प्रत्येक वेळी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा आणि एक काच बोटभर उघडी ठेवावी. गाडीतील सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. डोके जड वाटू लागले, मळमळ झाली किंवा अकारण गुंगी आली, तर आधी इंजिन बंद करून दारे उघडावीत.